सोळा नंबरची माशी

गळ इतका लहान, की नखावर ठेवला
तर नखाचाच कंगोरा वाटावा.
गाथोनी तो शेगड्याच्या तोंडात धरते,
स्क्रू पिळते, टिचकी मारते.
टण् वाजला, म्हणजे पोलाद खरं.

मग दोरा, मेण लावलेला.
नेढ्यामागे थोडी जागा सोडून सुरुवात करायची.
ही जागा सोडायला शिकण्यात तिची दोन वर्षं गेली.
नव्या पोरी नेढ्यापर्यंत सगळं भरून टाकतात
आणि शेवटी गाठीलाच जागा उरत नाही.

शेपटीला चार ताठ तंतू.
पोटाला सशाच्या कानामागची लव,
निरांजनातली वात वळावी तशी
दोन बोटांत वळलेली.
पंख दोन, उभे,
एकमेकांकडे पाठ करून, रुसल्यासारखे.
आणि कोंबड्याच्या मानेचं तपकिरी पीस
चिमट्यात धरून गळाभोवती फिरवलं
की त्याचा एकेक केस ताठ होतो,
अंगावर काटा यावा तसा.

याच काट्यांच्या टोकांवर ती पाण्यावर उभी राहायची.
भिजली तर संपली.

कोंबडा अमेरिकेतला, गळ जपानी,
मागणी स्कॉटलंडहून आलेली.
न्येरीच्या बाजारामागे, पत्र्याच्या छपराखाली
बावीस बायका, बावीस दिवे,
आणि पंखा लावायचा नाही,
आणि शिंकायचं नाही,
कारण एका शिंकेत दिवसभराची पिसं उडतात.
(आमच्याकडे असं काही झालं
तर आम्ही ते माशीवरच ढकलतो.)

संध्याकाळी न्दिरांगू भिंग घेऊन येतो.
पैसे डझनाचे. अकरा असतील तर शून्य.
आज त्याने एक बाजूला काढली:
काटे अर्धा मिलिमीटर लांब.
“बुडणार नाही ही,” गाथोनी म्हणाली.
“नसेल बुडत. बाकीच्या अकरांत बसत नाही.”
तिने ती रुमालाच्या गाठीत बांधली
आणि बारावी पुन्हा बांधायला घेतली.

तिचा बाप गुरा नदीवर साहेबांच्या काठ्या वाहायचा.
सांगायचा, ट्राउटच्या अंगावर लाल ठिपके असतात,
हातात धरला की थंड लागतो, सापासारखा,
आणि चवीचं विचारलं की
दुसरंच काहीतरी बोलायचा.
तिने ट्राउट पाहिला तो खोक्यावरच्या चित्रात.
एकवीस वर्षं, रोजच्या सहा डझन.
हा गुणाकार तिने कधी केला नाही.

रात्री जेवणं झाल्यावर
मधाची रिकामी बरणी धुऊन तिने पाण्याने भरली
आणि रुमालाची गाठ सोडली.

माशी उभी राहिली.
न्यावीरा फुंकर घालायची, ती सरकायची,
पुन्हा उभी. शेपटी वर, पंख वर.
“कोण खातं हिला?”
“मोठा मासा. लांबचा.”
“त्याला कशी दिसते?”

गाथोनी उत्तर द्यायला गेली
आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं.

तिने बरणी दोन्ही हातांनी उचलली,
दिव्याच्या उजेडात, डोक्याच्या वर धरली
आणि खालून पाहिलं.

शेपटी दिसत नव्हती. पंख नाहीत,
ती रुसलेली पाठ नाही, सशाची लव नाही.
वर एक आरसा होता हलणारा,
आणि आरशाला पडलेल्या बारीक खळ्या,
गोल, चकाकत्या,
जिथे काट्यांची टोकं टेकली होती तिथे.
आणि त्यांच्या मधोमध, स्वच्छ,
पाण्यात उतरलेला
गळ.

न्यावीरा आईच्या कोपराखाली शिरली,
मान वर करून आऽ केला,
तोंड मिटलं, उघडलं, मिटलं.
“आता मी मासा.”
गाथोनीने बरणी खाली ठेवली, जरा जोरातच,
आणि माशी काढून
चुलीवरच्या फळीवर वाळत घातली,
पोरीचा हात पोचणार नाही इतक्या उंच.

सकाळी सात वाजता, शेगड्यापुढे,
पहिली बांधून झाली तेव्हा
ती खुर्चीवरून अर्धी घसरली,
मान टेबलाच्या कडेखाली नेली
आणि एक डोळा मिटून वर पाहत राहिली.

“काय पडलं?”
शेजारणीने विचारलं.